चिनी चित्रं आणि सुलेखन : हान, खितान, मंगोल, मांचू आणि इतरांची देवाणघेवाण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चिनी चित्रकलेचा विषय निघाला की धुक्यातले डोंगर, बांबू आणि झोपडीत एकटा बसलेला कवी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो. ही चित्रं काढणारे, जपणारे आणि त्यांवर शिक्के उमटवणारे लोक किती वेगवेगळ्या मुलखांतले, भाषांतले आणि धर्मांतले होते, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

चिनी चित्रकला म्हणजे हान लोकांचीच कला ना?

हान हे चीनमधले बहुसंख्य लोक. कुंचला, शाई, रेशीम आणि कागद यांची परंपरा त्यांच्याकडे सर्वांत जुनी, हे खरंच आहे. पण उत्तर चीनवर आणि पुढे सगळ्या चीनवर हान नसलेल्या घराण्यांनी शतकानुशतकं राज्य केलं. उत्तर वेई घराणं शियानबेई लोकांचं, लियाओ खितानांचं, जिन जुर्चेनांचं, पश्चिम शिया तांगुतांचं, युआन मंगोलांचं, आणि १६४४ ते १९१२ पर्यंतचं छिंग मांचूंचं. दरबार यांचे, संग्रह यांचे, चित्रकारांना पगार देणारेही हेच. यांना वगळून चिनी चित्रकलेचा इतिहास लिहायला बसलात, तर अर्धी पानं कोरी राहतील.

बरं, यातले सगळेच राज्यकर्ते नव्हते. व्यापारी, भिक्षू, घोड्यांचे मोतद्दार, दुभाषे आणि युद्धात पकडलेले कारागीरही यात आहेत.

या देवाणघेवाणीची सर्वांत जुनी ठळक खूण कुठे दिसते?

सुलेखनात बघायची तर लोंगमेनच्या लेण्यांत. उत्तर वेईचा सम्राट शियाओवेन याने ४९०च्या दशकात राजधानी दक्षिणेला लुओयांगला हलवली. दरबारात शियानबेई पोशाख आणि भाषा यांवर बंदी घातली आणि ४९६ मध्ये स्वतःच्या घराण्याचं तुओबा हे आडनाव बदलून युआन केलं. लुओयांगजवळच्या डोंगरात मग बुद्धमूर्ती कोरल्या जाऊ लागल्या आणि प्रत्येक मूर्तीशेजारी दान देणाऱ्याचा लेख आला.

त्यातला ४९८चा शीपिंगच्या सरदारासाठीचा लेख जवळून पाहण्यासारखा आहे. शिलालेखात अक्षरं खोदून आत नेतात. इथे उलट केलं आहे: भोवतालचा दगड काढून अक्षरं उठावात ठेवली आहेत आणि प्रत्येक अक्षराला चौकट आखली आहे. रेघांची टोकं छिन्नीने तासल्यासारखी टोकदार. दक्षिणेतल्या दरबारी सुलेखनाचा गोडवा त्यात अजिबात नाही.

नंतर कितीतरी शतकं या अक्षरांना रांगडं समजून बाजूला ठेवलं गेलं. छिंग काळाच्या उत्तरार्धात बाओ शीचेन आणि त्यांच्यानंतर कांग यूवेई यांनी ती पुन्हा उचलून धरली. आज चीन-जपानमध्ये सुलेखन शिकणारी मुलं ज्याला 'वेई शिलालेख शैली' म्हणून गिरवतात, ती ही. शियानबेई राजवटीत, बौद्ध श्रद्धेतून, डोंगराच्या दगडावर घडलेली.

अजिंठ्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात. आणि तो विचारायलाच हवा.

सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, दक्षिणेतल्या लियांग घराण्याच्या काळात, झांग संगयू नावाच्या चित्रकाराने जियानकांगमधल्या, म्हणजे आजच्या नानजिंगमधल्या, एका मंदिराच्या दारावर फुलं रंगवली होती. जुनी नोंद सांगते, की लांबून ती फुलं उठून आलेली दिसत आणि जवळ गेलं की सपाट. लोक त्या मंदिरालाच 'उंचसखल मंदिर' म्हणू लागले. ही रीत भारतातून आली, असं त्याच नोंदीत स्पष्ट म्हटलं आहे.

अजिंठ्याच्या १ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांतले चेहरे आठवा. नाकाच्या दांड्यावर उजळ रंग, गालाच्या कडेला गडद, आणि त्यामुळे येणारी गोलाई. ती चित्रं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक काळातली. अजिंठ्याहूनच कुणी हे तंत्र नानजिंगला नेलं, असं म्हणायला आधार नाही. पण छटेने उठाव आणण्याची ती भारतीय पद्धत मध्य आशियातल्या किझिल, खोतान आणि चीनच्या वायव्येकडच्या तुनहुआंग अशा ठिकाणांहून पूर्वेला सरकत गेलेली भिंतींवर दिसते. चिनी चित्र तोवर मुख्यतः रेषेवर उभं होतं. रेषेला छटेची ओळख झाली ती या वाटेने.

खोतानचा युची यीसंग हा याच वाटेवरचा सर्वांत मोठा चित्रकार. तो सातव्या शतकात तांग दरबारात आला. त्याचे वडीलही चित्रकार होते. नवव्या शतकातला चित्र-इतिहासकार झांग यानयुआन त्याच्या रेषेबद्दल लिहितो, की ती लोखंडाची तार वाकवून वेटोळी करावी तशी घट्ट आहे. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, उत्तर छी घराण्याच्या दरबारात साओ झोंगदा होता. त्याचं घराणं समरकंदच्या आसपासच्या सोग्दी मुलखातलं. त्याच्या मूर्तींची वस्त्रं अंगाला अशी चिकटलेली असत, की माणूस नुकताच पाण्यातून वर आला आहे असं वाटावं. तांग काळातला वू दाओझी वाऱ्यावर उडणाऱ्या पदरांसाठी प्रसिद्ध. 'वूचे पदर वाऱ्यावर, साओची वस्त्रं पाण्यातून' ही जोडी चिनी कलासमीक्षेत कायमची रुजली. एका बाजूला हान चित्रकार, दुसऱ्या बाजूला सोग्दी वंशाचा, आणि दोघेही तितकेच प्रमाण मानले गेले.

तिबेटी दूताचं एक प्रसिद्ध चित्र आहे म्हणतात. त्यात काय पाहावं?

तांग दरबारातला चित्रकार यान लिबेन याच्या नावावर असलेलं ते चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. हाती आलेली गुंडाळी सोंग घराण्याच्या काळातली (दहावं ते तेरावं शतक) प्रत असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. प्रसंग तिबेटचा राजा स्रोंगत्सेन गंपो याच्या लग्नाच्या बोलणीचा. त्याचा मंत्री गार तोंगत्सेन ६४०-४१च्या सुमारास तांग राजधानी चांगआनला आला आणि ६४१ मध्ये राजकन्या वेनचेंग तिबेटकडे निघाली.

उजवीकडे तांग सम्राट ताइझोंग, पालखीवजा आसनावर, ते उचलून धरणाऱ्या दासींच्या घोळक्यात. डावीकडे तिघे उभे, मधला तिबेटी मंत्री. मागे भिंत नाही, झाड नाही, जमीनसुद्धा नाही. सम्राट इतरांपेक्षा मोठा काढलाय, दासी मुद्दाम चिमुकल्या. म्हणजे दरबाराची उतरंड आकारातूनच सांगितली.

पण नजर मंत्र्याच्या अंगरख्यावर थांबवा. अरुंद बाह्या आणि काठावर गोल नक्षीची चौकडी. अशी वर्तुळाकार नक्षी इराणी आणि सोग्दी रेशमावर चालत असे. तिबेटी मंत्री, पश्चिमेकडच्या नक्षीचं कापड, चिनी रेशमी पट, हान चित्रकार. चित्र दरबाराचा मोठेपणा सांगायला काढलेलं आहे, यात शंका नाही. तरी चित्रकाराने पाहुण्याचा चेहरा चेष्टेचा केलेला नाही. कपाळावरच्या आठ्या, जुळवलेले हात, सावध नजर. मला या पटात सर्वांत जिवंत माणूस तोच वाटतो.

चित्रातला माणूस कोणत्या लोकांपैकी आहे हे कसं ओळखायचं?

केस आणि गळा पाहा. हान माणूस केस वर बांधतो. खितान पुरुष डोक्याचा वरचा भाग तासून कानांजवळ बटा सोडतात. मांचू पुढचं डोकं तासून मागे वेणी घालतात. हान अंगरख्याचा पुढचा पदर उजव्या बाजूला जातो, स्टेपमधल्या, म्हणजे उत्तरेच्या गवताळ मैदानांतल्या, लोकांचा चित्रांत बहुधा डावीकडे. बाही अरुंद, पायांत बूट, कमरेला लटकवलेल्या वस्तूंचा पट्टा असं असलं, की घोड्यावरचा माणूस समजा.

मात्र या खुणांवर डोळे मिटून विसंबू नये. तांग काळात चांगआनच्या हान बायकांनाही घोडेस्वारांचा परदेशी पोशाख फार आवडत असे. शिवाय चित्रकार कधीकधी जुनी गोष्ट आपल्या काळच्या कपड्यांत रंगवतो. साई वेनजीची चित्रं हे याचं उत्तम उदाहरण. ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीची विदुषी. उत्तरेच्या स्टेपमधले शियोंगनू लोक तिला पकडून घेऊन गेले, तिथे तिला दोन मुलं झाली, आणि १२ वर्षांनी साओ साओ या सत्ताधारी सेनापतीने खंडणी भरून तिला परत आणलं. बाराव्या शतकात ही कथा रंगवली गेली तेव्हा शियोंगनूंच्या अंगावर चक्क खितान कपडे आले. त्या मालिकेचे चार तुकडे बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहेत, आणि सगळे अठरा प्रसंग असलेली नंतरची प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात.

निरोपाचा प्रसंग बघवत नाही. मुलं आईला बिलगलेली आहेत, आणि बाहीने डोळे टिपणारे तिच्या नवऱ्याकडचे लोक आहेत. सोंगांनी ११२७ मध्ये उत्तरेचा मुलूख जुर्चेनांपुढे गमावला होता, राजघराण्यातली माणसं कैदेत नेली गेली होती, आणि तरीही ज्यांनी पकडून नेलं त्यांचं रडणं चित्रकाराने खोटं पाडलं नाही.

स्वतः खितान असलेले चित्रकार होते का?

होते. त्यातला एक तर युवराजच. येलू बेई (८९९–९३७) हा खितान राज्याचा संस्थापक आबाओजी याचा थोरला मुलगा. गादी मिळाली धाकट्या भावाला. ९३० मध्ये तो समुद्रमार्गे पळून उत्तरकालीन तांग दरबाराच्या आश्रयाला गेला, तिथे त्याला ली झानहुआ हे नाव मिळालं आणि शेवटी तिथल्याच राजकारणात त्याचा खून झाला. चिनी विद्येचं त्याला वेड होतं, पुस्तकांचा संग्रह होता. चित्रं मात्र त्याने आपल्याच लोकांची काढली: घोडे, धनुर्धारी, खितान सरदार. ही चित्रं पुढे सोंग सम्राटाच्या संग्रहात मानाने ठेवली गेली.

दुसरं नाव हू गुई. शिकारीला निघालेले आणि मुक्कामाला थांबलेले खितान हा त्याचा विषय.

शत्रूच्या अक्षराची नक्कल कुणी केली होती का?

जिन घराण्याच्या झांगझोंग सम्राटाने. त्याचं अक्षर पाहताना मला दर वेळी थांबायला होतं.

सोंग सम्राट हुइझोंग याने 'सडपातळ सोनं' नावाची अक्षरशैली घडवली: बारीक, ताठ, टोकांना आकड्यासारखी वळणारी. ११२७ मध्ये जुर्चेनांनी त्याला कैद केलं आणि ११३५ मध्ये तो ईशान्येला बंदिवासातच मेला. पुढे त्याच जुर्चेन घराण्यातला झांगझोंग (राज्यकाल ११८९–१२०८) इतकं हुबेहूब ते अक्षर लिहू लागला, की पुढच्या पिढ्या फसल्या. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात दरबारातल्या स्त्रियांना उपदेश करणारी एक जुनी चित्रगुंडाळी आहे. तिच्या शेवटी या शैलीतला मजकूर आहे, आणि तो बराच काळ हुइझोंगचाच मानला जाई. मग विसाव्या शतकात एका जपानी अभ्यासकाच्या लक्षात आलं, की एका अक्षरातली एक रेघ गाळलेली आहे. वडिलांच्या नावातलं अक्षर पूर्ण लिहायचं नाही, हा रिवाज. आणि ते नाव झांगझोंगच्या वडिलांचं होतं.

पणजोबांच्या पिढीने ज्याला बेड्या घातल्या, त्याचं हस्ताक्षर पणतू गिरवतो. याला नुसतं अनुकरण म्हणणं अपुरं आहे. आपण या परंपरेचे हक्काचे वारस आहोत, असा तो दावाही होता.

मंगोलांनी चिनी कला बुडवली, हे खरं आहे का?

नाही. युद्धात गावं उद्ध्वस्त झाली, दक्षिणेतल्या कितीतरी विद्वानांनी मंगोलांची चाकरी नाकारली, हे खरं. पण साहित्यिक वृत्तीच्या चित्रकलेला जो आकार आज आपण 'चिनी' म्हणून ओळखतो, तो युआन काळातच पक्का झाला.

झाओ मंगफू (१२५४–१३२२) हा सोंग राजघराण्याचा वंशज. १२८६ मध्ये त्याने कुबलाई खानाची नोकरी पत्करली. यासाठी त्याला शतकानुशतकं बोल लावले गेले. सतराव्या शतकात, युआननंतरचं मिंग घराणं बुडून मांचू आले तेव्हा, फू शान नावाच्या सुलेखनकाराने त्याच्या अक्षरालाच लाचार ठरवलं. माझं मत वेगळं आहे. झाओ उत्तरेला गेला म्हणून त्याला तांग काळची जुनी चित्रं पाहायला मिळाली, आणि त्या अभ्यासातून त्याने पुढच्या सगळ्या परंपरेची दिशा बदलली. बायको गुआन दाओशंग बांबूच्या चित्रांसाठी नावाजलेली, मुलगा झाओ योंगही चित्रकार. मंगोल सम्राट रेनझोंगने या तिघांचं सुलेखन एकत्र बांधून ठेवायला सांगितलं: माझ्या काळात नवरा, बायको, मुलगा सगळे सुंदर लिहिणारं एक घर होतं, हे पुढच्यांना कळावं म्हणून.

गाओ केगोंग (१२४८–१३१०) याचं घराणं पश्चिमेकडच्या मुलखातून आलेलं. त्याने ढगांत बुडालेले दक्षिणेतले डोंगर असे रंगवले, की दक्षिणेतले हान चित्रकार त्याचं कौतुक करत.

आणि कांगली नाओनाओ (१२९५–१३४५). हा तुर्की वंशाचा, स्टेपवरच्या कांगली लोकांपैकी. झाओ मंगफू दिवसाला दहा हजार अक्षरं लिहितो, असं कुणी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मी तीस हजार लिहून मगच कुंचला ठेवतो. त्याचं धावतं अक्षर पाहिलं की ते पटतं. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा बोरू जसा अक्षरामागून अक्षर जोडत पळतो, तसा याचा कुंचला ओळीच्या ओळी उतरवत जातो. त्याने १३३१ मध्ये लिहिलेली एक गुंडाळी अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कला संग्रहालयात आहे. हाच नाओनाओ शेवटचा युआन सम्राट तोगोन तेमूर याचा शिक्षक होता. सम्राट एकदा हुइझोंगचं चित्र पाहून वाहवा करत होता. नाओनाओ म्हणाला, हुइझोंगला सगळं येत होतं, एकच गोष्ट येत नव्हती, राजा होणं. तुर्की शिक्षक मंगोल शिष्याला एका हान सम्राटाच्या चित्रासमोर राजधर्म सांगतोय. या एका प्रसंगात तो काळ कळतो.

स्त्रियांचा यात काही वाटा होता का?

गुआन दाओशंग वर आलीच. दुसरी मंगोल राजकन्या सेंगे रागी, कुबलाईची पणती. १३२३ मध्ये तिने दादूमधल्या, म्हणजे आजच्या बीजिंगमधल्या, एका मंदिरात विद्वानांना बोलावलं, आपल्या संग्रहातली चित्रं आणि अक्षरं त्यांच्यापुढे उलगडली आणि त्यांना त्यांवर लिहायला सांगितलं. सोंग काळातल्या हुआंग तिंगजियानची एक प्रसिद्ध गुंडाळी आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. तिच्यावर राजकन्येचा शिक्का आणि त्या पाहुण्यांचे अभिप्राय अजून दिसतात. स्त्रीने बोलावलेली अशी कलासभा चिनी इतिहासात दुर्मीळ आहे.

भारतीय माणसाचं जुनं चिनी चित्र आहे का?

आहे, आणि ते काढणारा पुन्हा झाओ मंगफूच. १३०४चं, लाल वस्त्रातल्या भिक्षूचं हे चित्र लिआओनिंगच्या प्रांतिक संग्रहालयात आहे. झाडाखाली बसलेला दाढीवाला भिक्षू, कानात बाळी, एक तळहात पुढे केलेला. हिरव्या-निळ्या पार्श्वभूमीवर ते लाल वस्त्र पेटल्यासारखं दिसतं.

१३२० मध्ये झाओने त्यावर पुन्हा लिहिलं. त्याचा आशय असा: तांग काळच्या चित्रकारांना अर्हत चांगले जमत, कारण त्यांचा पश्चिमेच्या लोकांशी रोजचा संबंध होता. मीही राजधानीत बरीच वर्षं राहिलो, भारतातल्या भिक्षूंबरोबर वावरलो, म्हणून अर्हताच्या चित्रात मला काहीतरी गवसलं असं वाटतं. परक्या माणसाचं चित्र काढायचं तर त्याच्यासोबत राहावं लागतं, हे चित्रकाराने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.

लिप्यांचं काय? सगळे चिनी अक्षरंच लिहीत होते?

खितानांनी ९२० मध्ये स्वतःची लिपी काढली, तांगुतांनी १०३६ मध्ये, जुर्चेनांनी बाराव्या शतकात. तांगुत अक्षरं लांबून चिनी भासतात: तीच चौकट, तेच कुंचल्याचे फटकारे. जवळ गेलं की चिनी वाचणाऱ्याला एक अक्षरही लागत नाही. आपली भाषा आपल्याच चिन्हांत लिहायची पण कुंचल्याची शिस्त शेजाऱ्याची ठेवायची, अशी ही निवड होती.

बीजिंगच्या वायव्येला जूयोंग खिंडीत १३४०च्या दशकात बांधलेला संगमरवरी चबुतरा आहे. त्याच्या कमानीत एकच बौद्ध मजकूर सहा लिप्यांत कोरलाय: चिनी, तिबेटी, फाग्स-पा (मंगोल दरबाराने घडवून घेतलेली), उइघुर, तांगुत आणि संस्कृतसाठी रंजना. रंजना आपल्या देवनागरीच्याच ब्राह्मी कुळातली, त्यामुळे छायाचित्र मोठं करून पाहिलं तर तिच्यातली काही वळणं ओळखीची वाटतील.

मांचू काळात काय झालं?

चित्रं प्रचंड संख्येने झाली, आणि राज्यकारभारासाठी जाणूनबुजून वापरली गेली. छियानलोंग सम्राटाने स्वतःला हान विद्वानाच्या वेशात रंगवून घेतलं, तसंच तिबेटी थांग्कामध्ये, म्हणजे कापडावरच्या धार्मिक चित्रात, मंजुश्री बोधिसत्त्व म्हणूनही. मिलानहून १७१५ मध्ये आलेला जेझुइट (कॅथलिक मिशनरी) चित्रकार कास्तिल्योने, चिनी नाव लांग शीनिंग, त्याच्या दरबारात होता. छंगदच्या उन्हाळी राजवाड्याच्या मुख्य दारावरची पाटी पाच लिप्यांत आहे.

याच सम्राटाने १७५१ मध्ये साम्राज्यातल्या आणि बाहेरच्या लोकांचे पोशाख-चेहरे चित्रित करून पाठवण्याचा हुकूम काढला. नैऋत्येतल्या म्याओ आणि इतर लोकांची सचित्र बाडंही अधिकाऱ्यांसाठी बनली. ही चित्रं देखणी आहेत, पण ती पाहताना कोण कोणाची नोंद करतंय हे विसरू नये. १७५०च्या दशकातल्या मोहिमांत झुंगार मंगोलांचा जवळपास निर्वंश झाला. विजयाच्या दरबारी चित्रांत त्याची वेदना कुठेच नाही.

म्हणजे शेवटी सगळे 'चिनी' झाले, असंच ना?

असं सोपं सूत्र जुन्या पुस्तकांत सापडतं. मला ते मान्य नाही. झांगझोंगने सोंग अक्षर घेतलं, तसं हान चित्रकारांनी घोडा, शिकार, छटा, परदेशी कापड घेतलं. मांचू सम्राट चिनी कविता लिहीत होते आणि त्याच वेळी मांचू भाषा आणि धनुर्विद्या टिकवण्यासाठी सरदारांना दरडावत होते. उत्तर वेईने आपलं आडनाव टाकलं, तांगुतांनी आपली लिपी घडवली. प्रत्येक घराण्याचा हिशेब वेगळा आहे. दुसरं टोकही टाळावं: सगळं प्रेमाने, गुण्यागोविंदाने झालं असंही नाही. लग्नं तहातून झाली, कारागीर कैदी म्हणून आले, संग्रह लुटीतून जमले.

ही चित्रं प्रत्यक्ष किंवा घरबसल्या कुठे पाहता येतील?

भारतात सर्वांत आधी दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने मध्य आशियातून आणलेल्या वस्तूंचा मोठा हिस्सा तिथे आहे, त्यात तुनहुआंगची रेशमी चित्रं आणि खोतान परिसरातली भित्तिचित्रं आहेत. जाण्यापूर्वी ते दालन उघडं आहे का, हे विचारून घ्या.

घरबसल्या पाहायचं तर तैपेईचं राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांनी बरीच चित्रं मोठ्या आकारात मोफत ठेवली आहेत. तुनहुआंगच्या गुंफा २०१६ पासून संकेतस्थळावर आतून फिरून पाहता येतात. तिथे १५८ क्रमांकाची गुंफा सापडली तर जरूर पाहा. तुनहुआंगवर तिबेटी राज्य असतानाची ती गुंफा आहे. निजलेल्या बुद्धाच्या पायांशी वेगवेगळ्या देशांचे राजे शोक करताहेत आणि काही जण मध्य आशियातल्या रिवाजाप्रमाणे सुरीने स्वतःला जखमा करून घेताहेत.

आणि अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या लेण्याच्या छताकडे मान वर करा. टोकदार टोप्या घातलेली परदेशी मंडळी तिथे पेला घेऊन बसली आहेत. त्याच काळात उत्तर चीनमधले चित्रकार आणि शिल्पकार अशाच टोपीवाल्या सोग्दी व्यापाऱ्यांना आपल्या कलेत जागा देऊ लागले होते.